जिल्ह्याच्या मॅचआधी समोरच्या संघाचं नेमकं काय बघायचं?

चोपडा तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आलाय. त्यांच्या शाळेचा १४ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ तालुका जिंकून जिल्ह्याला निघालाय. लॉट्स पडले आणि पहिलीच मॅच गेल्या वर्षी विभागावर (जिल्ह्याच्या वरच्या फेरीला) जाऊन आलेल्या शाळेशी लागली. सर विचारतात: समोरच्या संघाची माहिती काढायची कशी? काढली तर पोरांना किती सांगायची? काहीच हाती लागलं नाही तर काय करायचं? आणि एवढ्या लहान पोरांच्या खेळात असली चौकशी करणं बरं दिसतं का?

सर, शेवटचं आधी घेतो. जरूर करा, मन लावून करा. फक्त ही माहिती कोच म्हणून तुमच्या कामाची आहे, पोरांपर्यंत त्यातली एखादीच गोष्ट जायला हवी. कोणतीही बातमी कानावर आली की मी स्वतःला एकच विचारतो: यामुळे उद्याच्या सरावात मी काय बदलणार? उत्तर सापडलं नाही तर ती बातमी कितीही चमचमीत असो, सोडून देतो. ‘त्यांचा दहा नंबर जिल्हा संघात निवडला गेलाय’ हे कळून तुमचा सराव बदलत नाही, पोरांच्या पोटात गोळा तेवढा येतो. पण ‘त्यांचा दहा नंबर बॉल पायात आला की दर वेळी स्वतःच्या उजव्या हाताला वळतो’ हे कळलं, तर तुमच्या डाव्या बॅकने आणि त्याच्या पुढच्या पोराने कुठे उभं राहायचं हे आजच ठरवता येतं.

वयाचंही भान ठेवा. १२ वर्षांखालच्या पोरांसाठी मी समोरच्या संघाकडे ढुंकूनही बघत नाही. त्या वयात बॉल पायाला चिकटायला हवा आणि पोरगं दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर यायला हवं, बाकी सगळं नंतर. १४ च्या गटाला एक गोष्ट सांगतो. १७ च्या गटाला दोन, फार तर तीन. तुमची पोरं चौदाची आहेत, तेव्हा एकच. ती एक कोणती, हे शोधायलाच सगळी मेहनत आहे.

आता ‘विभागावर गेलेला संघ’ या शब्दांचं दडपण आधी उतरवू. शालेय स्पर्धेत वय १ जानेवारीच्या तारखेवर मोजलं जातं. गेल्या वर्षी ज्यांनी संघ विभागावर नेला, ती पोरं त्या गटातली मोठी पोरं असण्याची शक्यता जास्त, आणि त्यातली बरीचशी यंदा सतराच्या गटात गेली असणार. म्हणून पहिली चौकशी ही करा की गेल्या वर्षीच्या अकरांपैकी यंदा कितीजण उरलेत. कधी कधी उत्तर ‘दोनच’ असं येतं आणि पोरं ज्या संघाला घाबरतायत तो संघ जागेवरच नसतो.

एकाच गटात जानेवारीत जन्मलेलं पोरगं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं पोरगं समोरासमोर येतं, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका वर्षात पोरगं केवढं वाढतं, ते तुम्ही वर्गात बघताच. समोरचा एखादा पोरगा अंगाने दुप्पट दिसला की आपल्याकडे लगेच ‘हा जास्त वयाचा आहे’ अशी कुजबुज सुरू होते. खरोखर संशय असेल, हाती काही असेल, तर मॅचआधी आयोजकांकडे लेखी हरकत घ्या. नाहीतर तो विषय पोरांच्या कानावर जाऊ देऊ नका. हरण्याचं कारण खेळायच्या आधीच हातात दिलं की पोरं धावायची थांबतात.

पोरं बदलतात, सर मात्र बदलत नाहीत. शालेय फुटबॉलमध्ये हे ओळखलं की अर्धा अभ्यास सोपा होतो. दोन-तीन वर्षांत संघातला प्रत्येक चेहरा बदलतो, पण बाजूला शिट्टी घेऊन उभे असणारे पीटी सर दहा-पंधरा वर्षं तेच असतात, आणि त्यांच्या सवयीही त्याच. उंच पोरगा मिळाला की कुणी त्याला स्टॉपर (मागचा मधला बचावपटू) करतं, कुणी स्ट्रायकर. कुणी गोल खाल्ला की लगेच स्टॉपरला पुढे पाठवतं. कुणी एक गोल झाला की सगळ्यांना मागे ओढून बॉल नुसता बाहेर मारायला लावतं. बदली खेळाडू कधी उतरवतात, डाव्या पायाचं पोरगं नसताना डावीकडे कुणाला लावतात, कॉर्नरला किती जणांना पुढे पाठवतात, हे वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. मी माझ्या वहीत संघांपेक्षा कोचांची पानं जास्त ठेवतो.

आणखी एक गोष्ट ऐकत चला. मॅचभर सर कुणाचं नाव सगळ्यात जास्त ओरडतात? ‘मागे ये रे’, ‘जागेवर राहा’, ‘बघ, बघ, तिकडे बघ’ अशी हाक ज्याला सारखी बसते, तो पोरगा त्यांना ठरल्या जागी सापडत नाहीये. त्याची बाजू उघडी पडते. कोचलाच ते सगळ्यात आधी दिसलेलं असतं, म्हणून तर तो ओरडतोय.

माहिती मिळायच्या वाटा आपल्याकडे मोजक्याच आहेत. सगळ्यात चांगली वाट म्हणजे त्यांच्याशी नुकतीच हरलेली शाळा. तिथल्या सरांना फोन लावा. ते मोकळेपणाने बोलतात, पण दुखऱ्या जागेवरून बोलतात. ‘कसा आहे हो संघ?’ असं विचारलंत तर ‘लय भारी आहेत’ एवढंच ऐकायला मिळेल. विचारायचं ते नेमकं विचारा. पहिला गोल कसा खाल्ला, बॉल कुठून आला? तुमचा एखादा गोल झाला का, किंवा होता होता राहिला का, तो कसा? त्यांचा गोली हातातला बॉल फेकतो की लाथेने मारतो? लांब थ्रो टाकणारं कुणी आहे का? या चार प्रश्नांत अर्ध्या तासाच्या गप्पांपेक्षा जास्त मिळतं. आणि उद्या त्यांनी तुम्हाला फोन केला तर तुम्हीही तेवढंच मोकळं बोला. खान्देशात फुटबॉलचं वर्तुळ लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

देशदूत, लोकमत, दिव्य मराठीच्या स्थानिक पानावर निकालाची ओळ येते. ती बघा, पण सहा-शून्य वाचून दचकू नका. तालुक्यातल्या पहिल्या फेरीत समोर कोण होतं यावर ते सहा गोल ठरतात. एक-शून्यने जिंकलेली अटीतटीची मॅच जास्त बोलते.

मोबाईलवरचे व्हिडिओ हल्ली ढिगाने मिळतात. रील मात्र फसवतं. त्यात फक्त गोल असतात, आणि गोल जोडून दाखवले की कुठलाही संघ राज्य जिंकणारा वाटतो. एखाद्या पालकाने किंवा आयोजकांनी यूट्यूबवर टाकलेली पूर्ण मॅच सापडली तर ती बघा, आवाज बंद करून बघा. गोल सोडून द्या. बॉल त्यांच्या हातून गेल्यानंतरचे चार-पाच सेकंद बघा. किती पोरं मागे धावतात, किती कमरेवर हात ठेवून उभी राहतात, रिकामी जागा कोणत्या बाजूला दिसते, एवढंच लिहून काढा. पंचांना मात्र विचारू नका. ओळखीचे असले तरी नाही. उद्या त्यांनाच तुमच्या मॅचला शिट्टी वाजवायची असते, त्यांना अवघड जागी कशाला टाकायचं?

खरी माहिती मैदानावरच मिळते. आपल्या जिल्हा स्पर्धा बाद पद्धतीने, एक-दोन दिवसांत उरकतात. पुढच्या फेरीत कोण समोर येणार हे बऱ्याचदा त्याच दिवशी कळतं. म्हणजे तुमची पोरं झाडाखाली डबे खात असतात तेव्हा तुम्ही समोरच्या मैदानावरची मॅच बघत उभे असायला हवेत. बाजूच्या रेषेवर उभे राहू नका, तिथून सगळं एकमेकांवर चढलेलं दिसतं. गोलच्या मागे, थोडं अंतर ठेवून उभे राहा. पायऱ्या असतील तर वर चढा. आणि पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघू नका. हे फार जड जातं, डोळे बॉलमागे पळतात, पण सवयीने जमतं. बॉल एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाची पोरं काय करतात, ते बघा.

या वयोगटात मी सगळ्यात आधी गोलकीक बघतो, म्हणजे समोरच्याने बॉल गोलरेषेबाहेर घालवला की गोलजवळून मारतात ती किक. कारण सांगतो. तेरा-चौदाच्या पोराची गोलकीक फार लांब जात नाही. अर्ध्या मैदानाच्या अलीकडेच पडते, पावसाने काळी माती जड झाली असेल तर आणखी अलीकडे. शिवाय बऱ्याच शाळांत गोलीला लांब मारता येत नाही म्हणून त्यांचा स्टॉपर गोलकीक घेतो. आता तो क्षण डोळ्यासमोर आणा. स्टॉपर पार मागे, बॉलजवळ. किक मारल्यावर त्याला आपल्या जागी यायला चार-पाच सेकंद लागणार. बॉल पडणार जवळजवळ दर वेळी त्याच पट्ट्यात. त्यांचे दोन्ही बॅक बाजूला पांगलेले, मधोमध मोकळं. बॉल पडतो त्या जागी तुमचं एखादं धीराचं पोरगं आधीच उभं असेल आणि त्याने पहिल्याच स्पर्शात बॉल पुढे मधल्या मोकळ्या जागेत ढकलला, तर तुमचा स्ट्रायकर आणि त्यांचा गोली यांच्यामध्ये घाईने जागेवर येणाऱ्या त्या स्टॉपरशिवाय कुणीच नाही.

एका मॅचमध्ये असं पाच-सात वेळा घडू शकतं. म्हणून किक कोण घेतो, कोणत्या बाजूने घेतो, बॉल कुठे पडतो, हे तीन-चार किका बघून कागदावर फुल्या मारून ठेवा. फुल्या एका जागी गोळा झाल्या की तुमची ‘एक गोष्ट’ मिळाली. २०१९ पासून गोलकीकचा बॉल पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट राहिलेली नाही, आतच जोडीदाराला पास देता येतो. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा अजून जुन्याच पद्धतीने लांब मारतात, पण एखादा संघ आखूड खेळत असेल तर तेही टिपून ठेवा. बॉल किक होऊन हलेपर्यंत तुमच्या पोरांनी पेनल्टी क्षेत्राबाहेर थांबायचं असतं, हे त्यांना माहीत हवं.

सरावात हे उतरवायला फार काही लागत नाही. जो बदली खेळाडू लांब मारतो, त्याला गोलकीक घ्यायला उभं करा. ज्या पोराला तुम्ही बॉल पडण्याच्या जागेसाठी निवडलंय त्याला तिथे, स्ट्रायकरला दोन पावलं पुढे. बॉल हवेतून येतोय, छातीवर किंवा मांडीवर घेऊन पुढे. जमेना तर नुसता डोक्याने पुढे ढकल. वीस-पंचवीस वेळा. पोरांना आधी कशासाठी हे सांगायचंही नाही. मॅचच्या सकाळी तेवढं म्हणायचं, ‘त्यांची गोलकीक तिथेच पडते, परवा आपण केलं तेच.’

गोलकीकनंतर गोली. आपल्याकडे चौदाच्या पोरांनाही बहुतेक ठिकाणी मोठ्यांचाच गोलपोस्ट असतो, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. साडेचार-पावणेपाच फुटांच्या गोलीचा हात आडव्या दांड्याला पोचतच नाही. त्यामुळे बरेच कोच पोरांना ‘वरून मार’ एवढंच शिकवतात. मला हे पटत नाही. गोल होतो, खरं आहे, पण पोरं मग कुठूनही उंच मारत सुटतात आणि सतराच्या गटात गेल्यावर त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. गोली पुढे येतो का, क्रॉसला हात घालतो का की रेषेवर खिळून राहतो, जमिनीवरचा ओला बॉल धरतो की सोडतो, हे बघा. बॉल सोडणारा गोली असेल तर दर फटक्यामागे एका पोराने धावत जायचं. ही सवय पुढेही उपयोगी पडते.

लांब थ्रो टाकणारा पोरगा दिसला तर तिथे थोडं जास्त थांबा. थ्रोवर थेट ऑफसाइड नसतो, त्यामुळे त्यांचा स्ट्रायकर तुमच्या गोलीच्या पुढ्यात जाऊन उभा राहू शकतो, आणि ऑफसाइडच्या भरवशावर हात वर करून उभे राहिलेले बॅक गोल खातात. चौदाच्या मॅचमध्ये थ्रोवरून होणारे गोल लोक मोजत नाहीत, पण होतात.

मैदान आणि हवा हाही समोरचा संघच समजा. शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात. आपली काळी माती ओली असली की बॉल अडतो, जमिनीवरचा पास निम्म्यात मरतो, बूट चिखलाने जड होतात. तीच जमीन दिवाळीच्या सुमाराला तडकते आणि बॉल कुठेही उसळतो. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतं. साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यावरच. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर एका हाफमध्ये तुमच्या गोलीची किक वाऱ्याने परत येते. संध्याकाळची मॅच असेल तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या गोलीच्या डोळ्यांत थेट ऊन जातं. टॉस जिंकून कोणती बाजू घ्यायची हे कप्तानाला आधी सांगून ठेवा. फक्की मारलेली रेषा कुठे पुसली गेलीय, गोलच्या तोंडाशी खड्डा आहे का, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचलंय, हे मॅचआधी एक फेरी मारून बघता येतं. त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि समोरचे आले कुठून, कधी? धडगावकडचा संघ नंदुरबारला पोचायला घाट उतरून येतो. पहाटे निघून थेट मैदानावर उतरलेली पोरं आणि आदल्या रात्री मुक्कामाला आलेली पोरं पहिल्या दहा मिनिटांत वेगळी खेळतात. तुमचंही तेच. चोपड्याहून सकाळी निघणार असाल तर पोरांना बसमधून उतरवून लगेच मैदानात ढकलू नका.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे, कारण मैदानावर ती मला फार ऐकू येते. ‘आश्रमशाळेची पोरं ना? नुसती पळतात, डोकं नसतं.’ किंवा, ‘शहरातली इंग्लिश मीडियमची पोरं, दोन धक्के मारा, रडतील.’ याला माहिती म्हणत नाहीत, हा पूर्वग्रह आहे, आणि तो तुमच्या पोरांच्या डोक्यात तुम्ही घालाल तर ती मैदानाबाहेरही तोच घेऊन जातील. मी सातपुड्यातल्या आश्रमशाळांचे संघ पाहिलेत जे शांतपणे, जमिनीवरून, तीन-तीन पासांत खेळतात. ज्याने ‘नुसते पळतात’ म्हणून मागे गर्दी केली त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी मधून बॉल नेला. जात, शाळा, गाव, बोली यांवरून संघ ओळखू नका. नंबर बघा, पाय बघा, जागा बघा.

पोरांना सांगायचं कसं? समोरच्याचं वर्णन करू नका, आपण काय करायचं ते सांगा. ‘त्यांचा सात नंबर फार जोरात आहे’ ऐकून तुमचा डावा बॅक रात्री झोपत नाही. ‘सात नंबर आत वळतो, म्हणून तू आतली बाजू बंद कर, त्याला रेषेकडे जाऊ दे’ म्हटलं की त्याच्या हाती काम येतं. आणि ते त्याच्या घरच्या बोलीत सांगा. आमच्याकडे एक बॅक होता, मी प्रमाण मराठीत समजावलं की मान हलवायचा आणि मैदानात भलतंच करायचा. त्याच्या जोडीदाराने त्याला एकदाच अहिराणीत सांगितलं, ‘तो डावा पायना शे, त्याले मझार (आत) येऊ देऊ नको.’ झालं. पूर्ण मॅच त्याने त्या पोराला रेषेवरच ठेवलं. घाईच्या वेळी पोरगं ज्या भाषेत विचार करतं, त्याच भाषेत सूचना हवी.

समोरच्या पोराच्या शरीरावर, दिसण्यावर, जातीवर, तोतरेपणावर एक शब्द नाही. ‘त्या जाड्या गोलीवर मारा’ हे कोचच्या तोंडून निघालं की पोरं ते मैदानात मोठ्याने ओरडणार, आणि तो गोलीही कुणाच्या तरी घरचा तेरा वर्षांचा पोरगाच आहे.

बदली खेळाडूंना या सगळ्यात मानाची जागा मिळते, ती जरूर द्या. सरावात त्यांना समोरचा संघ करा. ‘तू आज त्यांचा सात नंबर. बॉल आला की आत वळायचं, दर वेळी.’ ज्या पोराला एरवी दहा मिनिटंही खेळायला मिळत नाहीत, तो हे इतक्या मनापासून करतो की मुख्य संघातल्या बॅकची दमछाक होते. मॅचच्या दिवशीही त्यांना बाकावर नुसतं बसवू नका. एकाने त्यांच्या गोलकीका टिपायच्या, एकाने सात नंबर कुठे वळतो ते बघायचं. हाफ टाइमला आधी या पोरांना विचारा. मला कित्येकदा त्यांच्याकडून असं कळलंय की मी सांगितलेली गोष्ट आज खरी ठरत नाहीये, सात नंबरने बाजू बदललीय. मग योजना लगेच सोडायची. कागदाशी लग्न लावायचं नाही.

बरं दिसतं का, या प्रश्नाची दुसरी बाजू राहिली. मॅच सगळ्यांसमोर होते, ती बघणं, लिहून घेणं यात काही वावगं नाही. सराव मात्र त्यांचा खासगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्स संघाचे कोच मार्सेलो बिएल्सा यांनी डर्बी संघाच्या सरावावर नजर ठेवायला माणूस पाठवला. क्लबला दोन लाख पाउंड दंड झाला आणि मॅचआधीच्या ७२ तासांत समोरच्याचा सराव बघायचा नाही असा नियम तिथल्या लीगने केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या महिला संघाने न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवला, तर सहा गुण कापले गेले आणि कोचवर वर्षभराची बंदी आली. हे मोठ्यांचं झालं. आपल्याकडे समोर मुलं आहेत, म्हणून रेषा आणखी अलीकडे हवी. दुसऱ्या शाळेच्या मैदानाच्या कुंपणावरून शूटिंग करायचं नाही. खोट्या नावाने त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरायचं नाही. त्यांच्या पोरांना गोड बोलून ‘उद्या कोण खेळणार रे?’ विचारायचं नाही. मुलींच्या मॅचचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी त्यांच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, आणि काम झालं की डिलीट करा, पुढे पाठवू नका. सतराखालच्या मुलींचे संघ आपल्या भागात आत्ता कुठे उभे राहतायत. एका व्हिडिओवरून घरच्यांनी पोरगी बंद केली तर तो संघच मोडतो.

पेनल्टीबद्दल थोडक्यात, कारण बाद फेरीत बरोबरी झाली की तिथेच येऊन ठेपतं. २००६ च्या विश्वचषकात बर्लिनला जर्मनीचा गोली येन्स लेमन अर्जेंटिनाविरुद्ध मोज्यात चिठ्ठी ठेवून उभा होता, कोण कुठे मारतो त्याची. कँबियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतंच. लेमनने तरीही चिठ्ठी काढून शांतपणे वाचली आणि त्याची पेनल्टी अडवली. तुमच्याकडे चौदाच्या पोरांची अशी यादी असणार नाही, लागतही नाही. उजव्या पायाच्या पोराचा ओढा बहुधा अंगावरून आडवा, म्हणजे तुमच्या गोलीच्या उजव्या हाताकडे मारण्याचा असतो. डाव्या पायाच्याचा उलट. एवढं गोलीला सांगा आणि कोण कोणत्या पायाचा हे मॅचमध्ये टिपून ठेवा.

राहिला प्रश्न काहीच कळलं नाही तर. असं अनेकदा होतं आणि त्याने बिघडत नाही. मॅचआधीची त्यांची वीस मिनिटं तुमच्यासमोर असतात. तुमचा वॉर्मअप कप्तानाकडे किंवा सहकाऱ्याकडे सोपवा आणि तुम्ही समोर बघा. शूटिंग करताना डाव्या पायाने कोण मारतं? गोलीला बॉल देताना तो कोणत्या हाताला झुकतो? कोण सगळ्यांना जागा दाखवतं? घोट्याला पट्टी बांधून कोण आहे, हेही दिसेल, ते पोरांना सांगू नका. जो पोरगा एकटा बाजूला उभा राहून थ्रो टाकून बघतोय, त्याचा नंबर लिहा.

मग मॅचची पहिली पाच-सात मिनिटं पोरांना त्यांच्या नेहमीच्या खेळावर सोडा, सूचना देऊ नका, गोलकीक कोण मारतं आणि कुठे पडते ते बघा. तिसरी किक त्याच जागी पडली की तुमच्या मिडफिल्डच्या पोराला हाक मारा आणि हाताने ती जागा दाखवा.